वॉल्टरचं कुलूप

दुसऱ्यानं ठेवलेल्या खुर्चीला हात लावणाऱ्यांतली मिली होरन्याक नव्हती. पोलिश हिल या टेकडीवरच्या वस्तीतल्या ज्या उभ्या चढाच्या गल्लीत ती जन्मली आणि लग्नानंतरही दोन दारं सोडून राहिली, तिथे हिवाळ्यातला नियम सगळ्यांना पाठ होता. ज्यानं फावडं मारून रस्त्याकडेला गाडी लावण्यापुरता बर्फ उपसला, जागा त्याची. तो कामावर गेला की तिथे स्वयंपाकघरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवून जाई, आणि ती खुर्ची म्हणजे साक्षात मालक. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहायची कुणाला गरजही वाटली नाही. क्लीव्हलंडहून आलेल्या मिलीच्या दिरानं एकदा अशी खुर्ची बाजूला सारून गाडी लावली. सकाळी गाडीवर कुणीतरी पाण्याच्या बादल्या ओतून गेलेलं, दारं गोठून घट्ट. दीर थयथयाट करत राहिला आणि मिलीनं त्याला कॉफी देताना सांगितलं की बरं झालं, आता लक्षात राहील.

नोकरी तिची विद्यापीठाच्या संगणक केंद्रात. पोरांच्या आणि प्राध्यापकांच्या फायली तिथे कुठल्या एका मशीनवर नसत, अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या असत. प्रत्येकाच्या फायलींचं एक गाठोडं, त्याला तिथले लोक व्हॉल्यूम म्हणत. जागा कमी पडली की ही गाठोडी या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर हलत, आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नसे. कारण कुणीही आपली फाइल मागितली की आधी मिली सांभाळायची त्या, पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला विचारणा जाई, अमक्याचं गाठोडं सध्या कुठे? तो ठिकाणा सांगे आणि बाजूला होई. त्याच्याकडे स्वतःची फाइल एकही नाही. नवरा तिला चिडवायचा, की जगाचे पत्ते तुला तोंडपाठ आणि घरातल्या किल्ल्या रोज हरवतात.

खरं तर असे सर्व्हर तीन होते आणि तिघांकडे तीच यादी होती. एक बंद पडला तर उरलेले दोघं एकमेकांना विचारून कारभार चालवत. एकटाच उरला तर तो नुसते पत्ते सांगे, यादीत काही बदलू देत नसे. मिलीला हे फार आवडे. एकट्यानं मनमानी करू नये, हे माणसांना कळायला किती वर्षं लागतात, असं ती म्हणे.

गाठोडं हलवताना यादीतल्या त्याच्या नोंदीला कुलूप लागतं, म्हणजे तोवर दुसऱ्या कुठल्या कामानं तिला हात लावू नये. काम पुरं झालं की आपोआप निघतं. मध्येच काम तुटलं तर कुलूप तसंच राहतं आणि कुणीतरी हातानं काढावं लागतं. यावर मिलीचा नियम एकच, ज्याचं त्यानं काढावं. एका उत्साही पोरानं पूर्वी तिचं चालू कामावरचं कुलूप शिळं समजून काढलं होतं, तेव्हा एका गाठोड्याच्या दोन प्रती झाल्या आणि खरी कोणती ते ठरवताना सगळ्यांच्या तोंडाला फेस आला. तेव्हापासून कुणाचं कुलूप दिसलं की ती त्याला फोन करी. तो सांगे, मगच पुढे.

वॉल्टर पेसेक तिच्या शेजारच्या टेबलावर बसे. दोघं एकाच वर्षी लागलेले. तो बडबड्या, ही मोजकं बोलणारी. मार्चमधल्या एका शुक्रवारी त्यानं एक गाठोडं हलवायला लावलं आणि चर्चच्या तळघरात उपासाच्या शुक्रवारी मिळणारे तळलेले मासे संपायच्या आत पोचायचं म्हणून लवकर निघाला. जाताना मिलीला म्हणाला की सोमवारी बघतो. त्याच्या मागे कनेक्शन तुटलं, काम अर्धवट राहिलं. रविवारी त्याला अर्धांगवायूचा झटका आला.

कुलूप राहिलं. गाठोडं जुन्याच सर्व्हरवर होतं आणि त्याच्या मालकिणीला काहीच अडत नव्हतं, तिच्या फायली उघडत होत्या, नव्या लिहिल्या जात होत्या. एवढंच, की कुलूप असलेल्या गाठोड्याची रोजची राखीव प्रत निघत नाही. रोज सकाळी अहवालात एक ओळ येई, अमुक गाठोडं वगळलं. पहिले काही दिवस मिली ती वाचून वॉल्टरच्या रिकाम्या टेबलाकडे बघे. नंतर डोळ्यांना सवय झाली. साहेब ड्वाइट यानं एकदा हटकलं, की अगं, ते काढून टाक ना. ती म्हणाली, वॉल्टर आला की काढेल. ड्वाइटनं तिच्याकडे बघितलं आणि विषय सोडला. वॉल्टरचा उजवा हात गेलाय आणि त्यानं निवृत्तीचे कागद मागवलेत, हे एव्हाना सगळ्या केंद्राला ठाऊक होतं. मिलीलाही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मानणं वेगळं.

गाठोड्याची मालकीण इनेस, पोर्तुगालहून पीएच.डी.साठी आलेली. नदीवरचा एक जुना लोखंडी पूल त्या वसंतात पाडायचा होता. त्यावर जागोजागी यंत्रं बसवून ती त्याची थरथर नोंदवत होती. एकेक तुळई कापली जाताना उरलेला पूल तो भार कसा सोसतो, हा तिचा प्रश्न. मे अखेरीला पूल गेला. सगळ्या नोंदी त्या गाठोड्यात होत्या. पूल काही कुणी तिच्यासाठी पुन्हा बांधून पाडणार नव्हतं.

जूनमध्ये एका सकाळी त्या सर्व्हरची डिस्क कुरकुरू लागली. मिलीनं भराभर गाठोडी दुसरीकडे हलवली. इनेसचं हलेना. नोंदीला कुलूप आहे, एवढंच उत्तर येई. ते काढायला एक ओळ टाइप करायची होती. तिनं ती टाइप केली आणि पुसली. मग वॉल्टरनं अर्धवट सोडलेली प्रत तपासली, जी तपासायची काही गरज नव्हती. यादी पुन्हा वाचली. मग जेवणाची सुटी संपता संपता तिनं वॉल्टरच्या घरी फोन लावला.

त्याच्या बायकोनं, ॲग्नेसनं, उचलला आणि त्याच्या कानाला लावून धरला.

"वॉल्टर, तुझं एक कुलूप राहिलंय. मार्चमधलं."

त्याचे शब्द एकेक करून आले. "अजून... आहे?"

"आहे."

"का?"

"तुझं होतं."

"मिली," तो म्हणाला, "मी येणार नाही. काढ ते."

बरं, असं म्हणून तिनं फोन ठेवला आणि कुलूप काढलं. तिला रडू आलं नाही. राग आला, वॉल्टरचाच, आणि आजारी माणसाचा राग येतो याची लाज वाटली. गाठोडं हलायला लागलं आणि अर्ध्यावर अडकलं, कारण तोवर डिस्क वाचताही येत नव्हती. मग ती आणि ड्वाइट एकेक फाइल वेचत बसले. पुष्कळशा निघाल्या. शेवटच्या आठवड्याच्या, तुळया कापतानाच्या, निघाल्या नाहीत. तेवढ्यात डिस्कनं कायमचे डोळे मिटले.

इनेसला डिस्क गेली एवढंच कळवू, असं ड्वाइट म्हणाला. ते खोटंही नव्हतं. मिली म्हणाली, नको, तिला बोलव.

इनेस आली. यंत्रांच्या घरघरीत दोघी उभ्या राहिल्या. मिलीनं आधी काय गेलं ते सांगितलं.

"पण राखीव प्रत असते ना रोज? तुमच्याच लोकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काही होऊ दे, कालची प्रत मिळेल म्हणून."

"असते. तुझी मार्चपासून निघाली नव्हती. नोंदीला कुलूप होतं. मला रोज दिसत होतं आणि मी काढलं नाही."

"का नाही काढलं?"

मिलीनं दुसरं काही सांगायचा विचार केला. नियम सांगता आला असता, त्या उत्साही पोराची गोष्ट सांगता आली असती.

"ज्यानं लावलं होतं तो आजारी पडला. मला वाटलं, तो परत येईल."

इनेसनं डोळे पुसले. "आले ते?"

"नाही."

इनेसनं तिथली एक खुर्ची ओढून घेतली, बसली आणि म्हणाली, "काय उरलंय ते दाखवा."