मधले नऊ दिवस

शस्त्रक्रिया झाल्यावर भूल उतरेपर्यंत रुग्णांना ज्या खोलीत ठेवतात, तिथे मावशी तेवीस वर्षं काम करत होत्या. मावशी हे नाव रुग्णांनीच दिलेलं, डॉक्टरही तेच वापरत. डोळे उघडणाऱ्याला पहिल्या वाक्यात वार आणि वेळ सांगायची, ही त्या खोलीची रीत. कारण दहातले नऊ जण विचारत, "सुरू कधी करणार?" पोट उघडून, शिवून, वर पट्टीही लागलेली, पण यांच्या ते गावीही नसायचं!

तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनीही तेच विचारलं.

"झालं, सर. मंगळवार, सव्वाबारा," मावशी म्हणाल्या.

प्राध्यापक दुखणं विसरून खूश झाले. "एक जुना ग्रीक तत्त्वज्ञ हेच सांगून गेलाय, मावशी. काळ म्हणजे बदलाची मोजणी. आधी काय, नंतर काय, हे मन मोजतं. गाढ झोपलेला माणूस आधीचा 'आत्ता' नंतरच्या 'आत्ता'ला जोडून टाकतो. मधलं सगळं गळतं."

"अहो, पण मी जागी होते. तुमचे तीन तास मी मोजलेत!"

"मग ते तुमचे झाले. माझे कुठे गेले?"

या प्रश्नाने मावशींच्या डोक्यात जे घर केलं, ते केलंच. शुद्धीवर येईल त्याला त्या विचारू लागल्या, मध्ये काही जाणवलं का? नर्स म्हणायच्या, मावशी आता पीएचडी करूनच निवृत्त होणार. मावशींना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

मग एका रविवारी त्यांचा नवरा, म्हणजे सगळ्यांचे काका, स्टुलावर चढून पडद्याची दांडी लावत होते. दांडी तिरकी बसली. मावशींची जीभ मुळातच तिखट.

"तुमच्या हातून आजवर एक तरी गोष्ट धड झालीये का?"

उत्तर द्यायला काका वळले, त्यांचा तोल गेला आणि डोकं खिडकीच्या कठड्यावर आपटलं.

शस्त्रक्रिया झाली, पण शुद्ध येईना. मावशी उशाशी बसून राहिल्या. हा माणूस आपलं तेवढंच वाक्य कानात घेऊन गेला तर? जीव तीळतीळ तुटत होता. "चुकलं माझं" असं त्या शंभरदा म्हणाल्या, पण ऐकणारा जागेवर नव्हता. काकांच्या गालावर दाढी मात्र वाढत होती. एवढ्या काळजीतही मावशींना नवल वाटलं. अंगाचा काळ चाललाय, मग यांचा स्वतःचा कुठे अडलाय? असे नऊ दिवस त्यांनी तासातासाने मोजले.

दहाव्या दिवशी सकाळी काकांनी डोळे उघडले. रीतीप्रमाणे मावशी वार सांगणार, तोच काका घोगऱ्या आवाजात बोलले.

"झालीये की... आपली पोरगी."

मावशींना क्षणभर कळेना. कळलं तेव्हा हुंदकाच फुटला. स्टुलावरून वळताना द्यायचं राहिलेलं हे उत्तर होतं. काकांच्या लेखी ते वाक्य मावशी आत्ताच बोलल्या होत्या. म्हणजे माफीही आत्ताच मागता येत होती, एका क्षणाचाही उशीर झाला नव्हता.

"चुकलं हो माझं," त्यांनी काकांचा हात घट्ट धरला.

काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं.

"इतक्या लगेच?" ते म्हणाले. "तब्येत बरी आहे ना तुझी?"