चारचौघांत खरं बोलणारे साहेब

आमच्या हॉलंडच्या साहेबांइतका खरं बोलणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्याआधी आला नव्हता, आणि त्यांचं झालेलं पाहून पुन्हा कोणी यायचं धाडस केलं असेल असं वाटत नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका मालकांनी नारायणगावाबाहेर परदेशी पाठवायच्या गुलाबांसाठी पॉलीहाऊस उभारलं आणि आम्हाला ते काम शिकवायला साहेबांना आणलं. मी लोणीची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. साहेब बोलतील ते मराठीत सांगायचं, हे माझं काम.

मला साहेब म्हणू नका, नावानं हाक मारा, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. नाव असं, की उच्चारताना घशात माशाचा काटा अडकल्यासारखं व्हायचं. बायकांनी दोन दिवस खाकरून पाहिलं आणि पुन्हा साहेबच सुरू केलं. चहाचा कप ते स्वतः विसळत, त्यामुळे आपली नोकरी गेलीच असं समजून शिपाई उदास हिंडायचा. दुपारी पावाच्या दोन कापांत चीज घालून ते उभ्यानंच खात. माणूस उपाशी मरेल या काळजीनं बायकांनी त्यांना भाजी-भाकरी द्यायला सुरुवात केली, तर ते पहिल्याच घासाला, हिच्यात मीठ फार आहे, असं देणारीच्या तोंडावर सांगत. मग सगळी भाजी संपवत. दर सोमवारी सगळ्यांना गोल बसवून, माझं काय चुकतंय ते सांगा, असा आग्रह धरत. आम्ही जमिनीकडे बघायचो. शेवटी सुपरवायझर उठून म्हणायचे, "सगळं लई भारी चाललंय साहेब." यावर साहेबांना खरोखरच वाईट वाटायचं.

त्यांचं खरं मी जरा पातळ करून पुढे द्यायची. ते म्हणत, ही छाटणी वाया गेली. मी म्हणायची, साहेबांना तुमची मेहनत दिसतेय, पण पुढच्या खेपेला जरा खालून कापलंत तर त्यांना फार आनंद होईल. एकदा त्यांनी मला विचारलं, माझ्या तीन शब्दांचं मराठी एवढं लांबलचक कसं होतं? मी म्हटलं, आमची भाषाच तशी आहे. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी स्वतःच मराठी शिकायला घेतलं, आणि घात तिथंच झाला.

मंगल म्हणून एक विशीतली मुलगी पॅकिंगच्या हॉलमध्ये फुलांच्या जुड्या बांधायची. घोडेगावच्या वर डोंगरात तिचं घर, इथं मावशीकडे राहायची. हात असा, की बघत राहावं. एक दिवस साहेबांनी तिची जुडी उंच धरली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाले, "मंगल. सगळ्यात खराब." मला मध्ये पडायला जागाच उरली नाही. मंगलनं दोरा खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी कळलं, ती गाव गाठून बसलीय आणि परत यायचं नाव घेत नाही.

साहेबांना काहीच उमजेना. जुडी खराब होती की नव्हती, एवढंच ते मला विचारत राहिले. मी म्हटलं, होती. मग ती का गेली? मी म्हटलं, ते तिलाच विचारायला हवं. शेवटी त्यांनी कंपनीची जीप काढली आणि मला घेऊन थेट तिच्या गावी निघाले.

मंगलच्या आईनं घोंगडी अंथरली, गुळाचा कोरा चहा दिला आणि भाताची रोपं लावायच्या आवणीची गोष्ट काढली. मग बैलाच्या दुखऱ्या पायाची. साहेब माझ्या कानाशी लागले, बोलणं कधी सुरू होणार? मी म्हटलं, सुरू झालंय. आईनं विचारलं, तुमची आई कुठं असती? ती दुसऱ्या गावात एकटी राहते, तिकडे असलो की आधी फोन करून मी रविवारी भेटायला जातो, असं त्यांनी सांगितलं. आईच्या घरी जायला फोन करावा लागतो हे ऐकून त्या माउलीचा चेहरा उतरला, आणि तिनं उठून साहेबांपुढे ताट ठेवलं आणि नाचणीची भाकरी नि तुपाचा गोळा वाढला.

तेवढ्यात साहेबांना राहवलं नाही. ते म्हणाले, तिची जुडी खराबच होती, पण हॉलमध्ये तिच्याइतके चपळ हात कोणाचे नाहीत. मी हे एकही शब्द न वाढवता सांगितलं. आतल्या दारामागून आवाज आला, "मग मी बी खरं सांगू का?"

मंगल बाहेर आली. "चुकलं व्हतं तर बाजूला बोलवून सांगायचं. तितल्या तितं जुडी सोडून पुन्ना बांधली असती. चार मान्सांत बोललात, आता मावशीच्या दारात कसं जाऊ मी? आन् तुमी मराठी बोलता ना, त्याला आमी रोज हसतो."

मी नेहमीप्रमाणे लांबून सुरुवात केली. साहेबांनी हात वर केला. "सगळं सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं. त्यांचे कान लाल झाले. मंगलकडे बघून मराठीत म्हणाले, "रोज?"

"रोज," मंगल म्हणाली.

साहेब असे हसले, की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, या देशात आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी नीट बोललं.

सोमवारी मंगल कामावर आली. त्यानंतर साहेब ज्याला त्याला फुलं गार ठेवायच्या कोल्डरूमच्या मागे नेऊन खरं सांगू लागले. कोण तिकडे गेलं हे सगळ्यांना दिसायचंच, पण न दिसल्यासारखं करण्यात आम्ही तरबेज होतो. पुण्याचे मालक आले तेव्हा त्यांनाही साहेबांनी अदबीनं मागे नेलं. मालक घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, इतक्या मानानं माझा कोणी अपमान केला नव्हता.

दोन वर्षांनी त्यांचं काम संपलं. जीप फाटकाशी उभी होती. निरोपाला त्यांनी प्रत्येकीपुढे हात केला. परक्या पुरुषाचा हात कधी हातात न घेतलेल्या त्या बायकांनी पदराला हात पुसून पुढे केले. आईकडे फोन न करता जावा, एवढं मंगलनं त्यांना बजावलं.

मग नवे मॅनेजर आले, आपल्याकडचेच. केबिनमध्ये बसत आणि शिपाई त्यांचा कप विसळायचा. त्यांनी चारचौघांत कधी कोणाला खराब म्हटलं नाही. फुलं बांधणाऱ्या बायकांशी ते कधी बोललेच नाहीत.