टिप, त्यांना सांग

रेवाचं दूध पिणं मंदावतं तसे हेमांगीचेही डोळे जड होतात. ऑस्ट्रेलियातली डिसेंबरची टळटळीत दुपार. व्हरांड्याचा पत्रा उन्हानं कुटकुट वाजतोय, कुंपणापलीकडे कापणी झालेलं गव्हाचं रान नजर पोचेल तिथवर पिवळं पडलंय. मांडीवर तीन महिन्यांचं बाळ, बाळाच्या गालावर माशी, माशी हाकलणारा हात. आणि तो हात हेमांगीचा नाही.

हात आयव्हीआजीचा आहे. ही नवऱ्याची, ल्यूकची आजी, त्यांच्या लग्नाआधीच वारलेली. हेमांगीनं तिला फक्त घरातल्या बोळात टांगलेल्या फोटोत पाहिलंय: एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला क्लॅरीआजोबा, मध्ये तांबडा टिप कुत्रा. एका दुष्काळात दोघांचं बिनसलं ते असं, की पुढे सगळं बोलणं टिपमार्फत. “टिप, त्यांना सांग, चहा निवतोय.” “टिप, तिला सांग, साखर विसरलीस.” नाताळच्या जेवणाला हा किस्सा निघतो आणि सगळं टेबल हसतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हेमांगीही पोट धरून हसली होती.

“आता हस की,” आजी म्हणते. ती चक्क हेमांगीच्या माहेरचं, तासगावकडचं मराठी बोलतेय, आणि हेमांगीला त्यात काही वावगं वाटत नाही.

“आता नाही येत हसू, आजी.”

“कसं येईल? आमच्याकडं निदान कुत्रं होतं. तू लेकीलाच कामाला लावलंस.”

हेमांगी रेवाचा मोजा वर ओढते. गेल्या महिन्यात, उशिरानं केलेल्या बारशाच्या दिवशी पाळणा सजला होता, तासगावची मंडळी फोनवर ताटकळली होती, आणि ल्यूक पावसाआधी गहू काढायचा म्हणून यंत्रावरून उतरलाच नाही. आला तो नाव ठेवून झाल्यावर. तेव्हापासून ती म्हणते, “रेवा, बाबांना सांग, जेवण झाकून ठेवलंय.” तोही म्हणतो, “रेवा, आईला सांग, भूक नाही.”

व्हरांडा संपतो तिथून हेमांगीच्या वडिलांची तासगावची द्राक्षबाग सुरू होते. दोघी वेलींखालून चालतात आणि शेवटच्या ओळीपाशी शेतातलं तळं लागतं, कोरडं, भेगाळलेलं.

“इथं माझी घोडी पाणी प्यायची. माहेरून आणलेली. क्लॅरीनं विकली, मेंढरांच्या चाऱ्यासाठी. मला विचारलंसुद्धा नाही.”

“म्हणजे चूक त्यांचीच.”

“त्यांचीच,” आजी तोऱ्यात म्हणते. मग तिचा आवाज उतरतो. “टिप मेला, तिथं किस्सा संपवतात ना सगळे? मग निरोप न्यायला केन होता की. चार वर्षांचा.”

केन म्हणजे हेमांगीचे सासरे. ल्यूक शेजारी बसलेला असला तरी ते फोनवर तिलाच म्हणतात, “ल्यूकला सांग, वारा फिरलाय.” तिला वाटायचं, त्यांची ती लकबच.

तळ्याच्या तळाशी आता पलंग आहे. क्लॅरीआजोबा भिंतीकडे तोंड करून निजलेत. उशाशी केन उभे आहेत, पांढऱ्या केसांचे, शाळेच्या चड्डीत.

“शेवटच्या रात्री मी केनला म्हटलं, बाबांना सांग, घोडी तशीही म्हातारी झाली होती. तो आत गेला, बाहेर आला. म्हणाला, आई, ते आता ऐकत नाहीत.”

“तुम्हीच का नाही गेलात आत?”

“सवय मोडली होती गं. नावच तोंडात येईना.”

कुठूनसा टिप येतो आणि हेमांगीच्या मांडीवर, रेवाच्या पायांशी डोकं टेकतो. डोकं चांगलं जड आहे, ऊन खाल्लेलं.

“टिप, हिला सांग...” आजी म्हणते आणि थांबते. “नको. मीच सांगते. ऊठ पोरी, तो आलाय.”

जाळीचं दार करकरतं. ल्यूक दारातच बूट काढतोय, पापण्यांपर्यंत धुळीनं माखलेला. हेमांगीची मांडी एका बाजूला अजून ऊबदार आहे. रेवाच्या पांढऱ्या मोज्याला दोन तांबडे केस चिकटलेत, राठ, आखूड. मेंढ्या विकल्यापासून या शेतावर कुत्रा नाही. ती एक केस चिमटीत धरते, उन्हात बघते, आणि अलगद परत मोज्यावर ठेवते.

ल्यूक वाकतो, बाळाच्या टाळूवरून बोट फिरवतो.

“रेवा, आईला विचार...”

“ल्यूक,” ती म्हणते. नाव जरा अडखळतं, पण येतं. “मला विचार.”