पैकीच्या पैकी मार्क

पडद्यावर माझे हात होते. चेहरा नव्हता. पोळी लाटणारे हात, हिरव्या बांगड्या, मनगटाच्या वर तव्याचा जुना चटका. तो चटका हॉलमधल्या निम्म्या बायकांना पाठ. माझ्या पोळ्या त्यांच्याच घरी जातात.

पडद्याशेजारी ताई. हातात माइक. "हिला आपण शांता म्हणू. नाव बदललंय. प्रायव्हसी."

मराठी मंडळाची संक्रांत होती, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर बर्फ. ताई इथे अमेरिकेत, ॲन आर्बर गावात समुपदेशन करतात, मराठी लोकांत त्यांना मान आहे. त्यांचं भाषण बायकांच्या मानसिक आरोग्यावर. मी मागे गुळपोळ्यांच्या ट्रेजवळ उभी. ऑर्डर नव्हती ती. प्रेमाने करून नेल्या होत्या.

"शांता नववीत होती. कार्यानुभवाची परीक्षा होती. मुलींनी शिरा करून आणला..."

हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

आता माझ्या तोंडाने सांगते. बाई प्रत्येकीच्या डब्यात चमचा घालून चव घेत होत्या. माझ्यापुढे आल्या. चमचा पुसला, पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "छान दिसतोय." आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. चव न घेता. आमचं घर गावाच्या कुठल्या टोकाला ते त्यांना माहीत होतं. साऱ्या वर्गाला माहीत होतं. पोरी हसल्या नाहीत, नुसत्या खाली बघत राहिल्या. डबा तसाच घरी आणला. आई म्हणाली, "खाल्ला का बाईंनी?" मी म्हटलं, "हो." दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेले नाही. आईला वाटलं, पोरीला शिकायचंच नाही. ते बोल मी ऐकून घेतले.

ताईंना हे सांगितलं त्यांच्या ओट्याशी, कणीक मळता मळता. दिराने आम्हाला अमेरिकेत बोलावून घेतलं. नवरा हॉटेलात स्वयंपाकी, मी घरोघर पोळ्या करते. ताईच म्हणाल्या होत्या, "तू शिकत का नाहीस?" शाळा सुटलेल्यांना इथे मोठेपणी परीक्षा देता येते, हे त्यांनीच सांगितलं. मी पास झाले तेव्हा बर्फातून गाडी चालवत त्याच मला कम्युनिटी कॉलेजात घेऊन गेल्या. सायकॉलॉजी घेतली ती त्यांच्याकडे बघून. कुणाचं मन लावून ऐकून घेणं हेही काम असतं, त्याचं शिक्षण असतं, याचंच मला अप्रूप. इथले कोर्स झाले की युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर. त्या अर्जाला निबंध लागतो, शिफारसपत्र लागतं. पत्र ताई देणार होत्या. बसमध्ये बसले की मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानायची.

वर्गात सगळी पोरं माझ्या भाचरांच्या वयाची. तोंड उघडायची भीती वाटायची. पण प्रोफेसर मॅडमनी सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवली. माणसावर अभ्यास करायचा तर आधी त्याला विचारायचं. काय करणार, कुठे सांगणार, सगळं समजावून. तो नाही म्हणू शकतो. अर्ध्यातून उठून जाऊ शकतो. मला ते इतकं आवडलं की बसस्टॉपवरून ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, ते तर बेसिक आहे."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. माना वळल्या. कोट सावरत बायका आल्या.

"किती इन्स्पायरिंग आहेस गं तू."

"यू आर सो स्ट्राँग, यार. मला तर रडूच आलं."

सगळ्या माझ्याशी बोलत होत्या. ट्रेकडे हात कुणाचा जात नव्हता. कुणाचं डाएट, कुणाची शुगर. शेजारच्या टेबलावरचे विकतचे लाडू संपत आले. एका छोट्या मुलीने पोळीला हात घातला. तिची आई म्हणाली, "नंतर, सोना."

"बट आय ऑलवेज ईट दीज," मुलगी म्हणाली.

आईने तिचा हात धरून तिला लाडवांकडे नेलं.

ताईंच्या लक्षात आलं. त्या आल्या, एक पोळी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "बघा हं, मी तर नेहमी खाते हिच्या हातची." मोडून तोंडात घातली. कुणीतरी फोटो काढला.

शाळेतल्या बाईंनी निदान फोटो काढला नव्हता.

कोट टांगलेल्या कोपऱ्यात मी ताईंना गाठलं.

"ताई, मला विचारलं नाहीत तुम्ही."

"अगं, नाव बदललं ना."

"हात माझे होते."

"लोकांना अवेअरनेस नको यायला? आणि तुझ्याच फायद्याचं आहे. निबंधातही हेच लिही, त्यांना अशा स्टोरीज आवडतात. मी लेटरमध्ये घातलंच आहे."

म्हणजे तिथेही माझ्याआधी तो शिरा पोचणार होता.

"ते लेटर पाठवू नका."

"वेडी आहेस का? दुसरं कोण देणार तुला?"

"पाठवू नका, ताई."

"एवढं केलं मी तुझ्यासाठी."

"केलंत. ते मी नाकारत नाही. पण पाठवू नका."

ट्रे मांडीवर घेऊन बसने घरी आले. नवऱ्याने झाकण उघडलं. "कुणी खाल्ल्या नाहीत?"

मी म्हटलं, "नाही."

नववीत मला हेच म्हणता आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पोळ्यांच्या ऑर्डरी कॅन्सल होऊ लागल्या. कारणं सगळी गोड होती. मी कॉलेजला गेले. प्रोफेसर मॅडमना पत्र मागितलं. माझी इंग्रजी अडखळली, त्या थांबल्या, हो म्हणाल्या. निबंधात शिऱ्याचं अक्षर नाही. मी काय वाचलं, काय कळलं नाही, काय शिकायचंय, एवढंच आहे. ट्रान्सफर होईल, नाही होणार. भीती आहेच.

एका चमच्यापायी मी शाळा सोडली. या टाळ्यांपायी कॉलेज सोडणार नाही. उद्या कुणी माझ्यासमोर बसून पोटातलं सांगेल, ते त्याचंच राहील. आणि मला मार्क देणाऱ्याने आधी चव घ्यावी. आवडलं नाही तर नापास करावं. न चाखता दिलेले पैकीच्या पैकी मी आता घेणार नाही.