सांगितलेलं ऐकत नाहीत

आमच्याकडे माणसाला व्हेंटिलेटर लावला की लोक त्याच्याबद्दल भूतकाळात बोलायला लागतात. माझ्या काकांनी तर कऱ्हाडहून फोनवरच सुरुवात केली. "फार सरळ माणूस होता," म्हणाले. होता! माझे बाबा तेव्हा चेन्नईच्या एका हॉस्पिटलात, माझ्यापासून एका भिंतीपलीकडे जिवंत होते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी चेन्नईतच, पेरुंगुडीला एका आयटी कंपनीत होते आणि बाबा, निवृत्त शाळामास्तर, आईला घेऊन पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले होते. आल्या आल्या न्यूमोनिया झाला. श्वास पुरेना, म्हणून यंत्रावर घेतलं.

सही घेतली, समजावलं काहीच नाही. आत गेले तर बाबांची दोन्ही मनगटं पट्ट्यांनी खाटेला बांधलेली. माझं डोकंच फिरलं. जन्मभर ज्यांनी पोरांवर हात उगारला नाही, त्यांचे हात बांधता? भांडले तेव्हा कुठे कळलं, की तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी पेशंट गुंगीत उपसून काढतात म्हणून बांधतात. ती स्वरयंत्रातून जाते, म्हणून बोलता येत नाही. यंत्र नुसती हवा आत लोटतं, ती आपोआप बाहेर येते. आजार ते बरा करत नाही, औषधांना सवड मिळवून देतं. पेशंट नुसता खोकला तरी भोंगा वाजतो. एवढं सांगायला किती वेळ लागतो हो? माझी आई बाहेर बाकावर बसून प्रत्येक भोंग्याला देवाचा धावा करत होती.

रोज सकाळी गुंगीचं औषध थांबवून बघायचे. माणूस जागा होतो का, सांगितलेलं ऐकतो का, स्वतःचा श्वास घेतो का. सगळं जमलं तर नळी काढायची. बाबा श्वास घ्यायला लागले होते. पण डॉक्टर रोज बाहेर येऊन एकच सांगायचे, "डोळे उघडतात, पण सांगितलेलं ऐकत नाहीत." मग एके दिवशी म्हणाले, "मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असावा. मनाची तयारी ठेवा."

तोवर काका येऊन पोचले होते, पिशवीत गंगाजलाची सीलबंद लोटी घेऊन. "शेवटचा एक थेंब तोंडात घालू दे," म्हणाले.

"तोंडात नळी आहे त्यांच्या! पाणी छातीत गेलं तर तुमच्याच हातून जातील ते," मी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले. मोठ्यांशी असं बोलतात का, आई म्हणाली. बोलतात. वेळ आली की बोलतात.

दुसऱ्या सकाळी तपासणीच्या वेळी मी हट्टानं आत उभी राहिले. नर्स बाबांच्या कानाशी वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अप्पा! कण्ण तोरंग! कैय अमुक्कुंग!" डोळे उघडा, हात दाबा. बाबांचे डोळे उघडेच होते. ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. तिनं तेच आणखी मोठ्यानं सांगितलं, मग डॉक्टरांकडे बघून मान हलवली.

"त्यांना तमिळ येत नाही," मी म्हणाले.

मी मोडकंतोडकं तमिळ बोलायचे, तेव्हा बापालाही येत असणार, असं धरून चालले होते सगळे.

मी बाबांचा हात हातात घेतला. "बाबा, मी आहे. माझा हात दाबा." त्यांनी दाबला. सोडा म्हटलं, सोडला. डोळे मिटा म्हटलं, मिटले, आणि मिटल्या पापण्यांतून पाणी आलं.

मी एकाच वेळी रडायला आणि भांडायला लागले. नर्सशी नाही, ती बिचारी तिचं काम करत होती. पण एवढं मोठं हॉस्पिटल, रक्तातला प्राणवायू क्षणाक्षणाला मोजणारी यंत्रं, आणि या माणसाला कोणती भाषा कळते, हे एकालाही विचारावंसं वाटू नये? वर त्याचा मेंदू गेला म्हणता? आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो माझ्या.

नळी निघाली. घसा बसेल, काही दिवस आवाज घोगरा येईल, हे या वेळी डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. काका लोटी पिशवीत दडवून भिंतीशी उभे होते. बाबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. पलीकडच्या खाटेपाशी ती नर्स होती. तिला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, एखाद्या पोरानं वर्गाबाहेर उभं राहून विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"ती बाई रोज माझ्यावर का ओरडायची गं? माझं काय चुकलं होतं?"