मोठमायचा डबा

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. पारावर मोठमायचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घ्यायचो, नाहीतर कुणाला तरी फोन करायचा राहिला म्हणून उठायचो. आता मोठमाय नाही. तिच्याबद्दल गावात बोललं जातं ते मात्र अजून आहे, आणि ते खोटं आहे. ते माझ्या तोंडून निघालं, तेव्हा खोडायलाही मीच हवा.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं. बाहेर धानाची बांधी, आत कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, हातमाग. मोठमायचा नवरा कोशाच्या साड्या विणायचा आणि ती त्याला कांड्या भरून द्यायची. मोठमाय म्हणजे थोरली काकू. ती तशी कुणाचीच काकू नव्हती, मूलबाळही नव्हतं, पण सगळी गल्ली तिला याच नावानं हाक मारायची. मीही मारायचो. नवरा गेला, माग अडगळीत गेला, मग तिची नजर अधू झाली. अंगण, विहीर आणि आवळ्याचं झाड एवढंच तिला हातानं चाचपून ओळखता यायचं.

मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा आम्ही काही जणांनी मिळून एक मंडळ काढलं. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच होती. कुणाची मुलं नागपूरला, कुणाची पुण्याला. अशांना दुपारचं जेवण घरी पोचवायचं, एवढंच काम. तांदूळ शेतकरी द्यायचे, तेल-डाळ दुकानदार. देवळामागच्या खोलीत गावातल्या बाया आळीपाळीनं रांधायच्या, आणि त्यात सगळ्या समाजाच्या बाया होत्या. याचा आम्हांला अभिमान होता. ते स्वयंपाकघर जी बाई सांभाळायची तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. डबे पोचवायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्या दिवशी मोठमाय डबा घेईना.

"मी का भिकारी होय जी गुरुजी?"

"तसं नाही मोठमाय. लग्नाला बोलावलं तर तुम्ही जेवायला जाताच ना?"

"लग्नात आहेर करतो न जी आपण!"

मी बराच वेळ बोललो. शेवटी तिनं डबा ठेवून घेतला, तोही "उन्हात आले तुमी, परत कसे धाडू" म्हणून. दुसऱ्या दिवशी मी रिकामा डबा न्यायला गेलो तर तो घासून, उन्हात वाळवून ठेवलेला, आणि उचलला तर जड लागला. वरच्या पुडात आवळे होते.

"हे काय?"

"रिकामा डबा कसा धाडू? तुमच्या घरी सिकवलं नाही वाटते काही," असं म्हणून ती दात नसलेल्या तोंडानं हसली.

शेजारच्या घरचं भांडं आपल्याकडे आलं तर ते रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी जाते. हे मला कुणी सांगायला नको होतं. पण मंडळाचा डबा हे शेजारच्या घरचं भांडं आहे, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. तिच्या मनात ते पहिल्याच दिवशी आलं.

त्यानंतर तो डबा कधी रिकामा आला नाही. हिवाळ्यात परसातल्या लाखोळीची कोवळी भाजी, कधी कोचईची, म्हणजे अळूची, पानं, उन्हाळा लागला की वाळवलेली मोहफुलं, चिंचेचा मीठ लावलेला गोळा. एकदा काहीच नव्हतं तर झेंडूचं एक फूल. डबे धुवायच्या वेळी बाया गोळा व्हायच्या. "थांबा वो, मोठमायचा मी उघडतो," म्हणत वहिनी तो आपल्याकडे ओढायची. आवळ्यांची चटणी व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डब्यात जायची. मग मोठमाय मला विचारायची, "चटणी माह्या आवळ्याची होती न? मीठ कमी टाकलं वहिनीनं. सांगजा तिले." मी येऊन सांगायचो. "तिले म्हणा, ये अन् तूच टाक," इति वहिनी. संध्याकाळी खरंच दोघी मोठमायच्या अंगणात बसलेल्या दिसायच्या. इतर बायाही तिथे जायच्या, कुणी विहिरीचं पाणी काढून द्यायची, कुणी तांदूळ निवडून द्यायची.

आजही जेवायला बसलो की मला त्या चटणीची आठवण येते. मीठ कमी असलेल्या.

मोठमायचं पाहून इतर म्हातारेही डब्यात काही ना काही टाकू लागले. त्यातल्या एका आजोबांकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं. त्यांनी शेजाऱ्याच्या वावरातली वांगी तोडून टाकली. तो शेतकरी थेट स्वयंपाकघरात आला. "मंडळ तुमचं अन् वांगे माहे! वा रे वा पुण्य!" बाया पोट धरून हसल्या. मी हसलो नाही. मला ते अव्यवस्थित वाटलं. उद्या कुणी खराब काही टाकलं तर? बाहेरचे देणारे पाहायला आले आणि मंडळ गरिबांकडून भाजी घेतं म्हणाले तर? बैठकीत मी सुचवलं, स्टीलचे डबे बंद करू. बाजारात प्लास्टिकचे डबे मिळतात, खाऊन झालं की फेकून द्यायचे. परत आणायची भानगड नाही, घासायची नाही. सगळ्यांनी मान डोलावली.

मोठमायनं तो नवा डबा हातात घेऊन बोटांनी कडेनं चाचपला.

"हा परत नाही न्यायचा?"

"नाही. टाकून द्यायचा."

"अन् मी त कोचई काढून ठेवली न जी."

"मोठमाय, आता तुमच्याकडून काही नको आम्हांला. तुम्ही फक्त खा."

मला वाटलं, मी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं.

दोन-तीन दिवस ती भूक नाही म्हणाली. मग एक दिवस दारातच म्हणाली, "गुरुजी, मले आता नका आणू. मी रांधून घेईन थोडंसं."

"काहून? चव आवडत नाही का?"

"चव बेस आहे. पण आधी घेणं-देणं होतं जी. आता तुमी टाकून राहिले अन् मी खाऊन राहिली." ती रागावलेली नव्हती. जशी पाहुण्याची समजूत घालावी तशी बोलत होती.

म्हणजे मला कारण माहीत होतं. ते मी इथे स्पष्ट लिहितो. तिनं ते मला तोंडावर सांगितलं होतं.

मी परत आलो. तिच्या वाट्याचं जेवण तसंच पिशवीत. वहिनी भात उपसत होती. तिनं विचारलं, "मोठमायनं डबा काहून सोडला जी?" चार-पाच बाया माझ्याकडे पाहत होत्या. खरं सांगितलं असतं तर प्लास्टिकच्या डब्यांच्या माझ्या कल्पनेनंच तिला दुखावलं हे निघालं असतं. मला एवढंही सोसवलं नाही. मी म्हणालो, "जुनं माणूस आहे. सगळ्यांच्या हातचं चालत नसेल."

वहिनीचा हात थांबला. असं वाक्य तिनं आयुष्यात पुष्कळ दारांत ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "असं होय." आणि पुन्हा भात उपसू लागली.

ते वाक्य गावभर व्हायला वेळ लागला नाही. मोठमाय शिवाशिव पाळते, असं लोक बोलू लागले. अंगणात जाणाऱ्या बाया जाईनाशा झाल्या. मला मागे घेता आलं असतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू, आणि रोज कुणी तरी समोर असायचं म्हणून राहून जायचं. एकदा मी तिच्या दारावरून जात होतो, तर चपलांच्या आवाजावरून तिनं ओळखून हाक मारली.

"गुरुजी, बाया काहून येत नाही जी आता? माह्याकडून काही चुकलं का?"

"रोवण्याचे दिवस आहेत मोठमाय. कामं असतात," मी म्हणालो.

रोवणी संपली, धान निसवलं, कापणी झाली. बाया आल्या नाहीत. नंतर तिची भाची आली आणि तिला साकोलीला घेऊन गेली.

घराला कुलूप लागलं तरी मी मुद्दाम त्या गल्लीनं जायचो. अजूनही जातो. कवाडाच्या फटीतून अंगण दिसतं. आवळे पिकून खाली पडतात आणि पडूनच राहतात. मंडळात मी पुढे हट्टानं स्टीलचे डबे पुन्हा सुरू केले. ते घासून येतात, वेळेवर येतात, पण त्यांत काही नसतं. लोकांची सवय आम्हीच मोडली होती.

एका हिवाळ्यात मी भंडाऱ्याला गाडी बदलून साकोलीला गेलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवत गेलो, शब्दन् शब्द. भाचीचं घर हायवेपासून आत होतं, तरी ट्रकांचे आवाज येत होते. मोठमाय खाटेवर बसली होती. खूप बारीक झाली होती.

"गुरुजी होय का? एवढ्या दूर आले? बसा जी, बसा." आणि लगेच भाचीला, "चहा ठेव वो, आपल्या गावचे आहेत."

ती सगळं विचारत गेली. विहिरीला पाणी आहे का, यंदा मंडईच्या जत्रेला तमाशा आला होता का, वहिनीचे गुडघे कसे आहेत. "तिले म्हणा, साकोलीकडे आली त मले भेटून जाजो. कधीची वाट पाहून राहिली मी." मी हो म्हणालो. चहा आला. भाची समोरच बसली. मी चहा प्यायलो, तब्येतीची चौकशी केली, आणि शेवटची बस चुकेल म्हणून उठलो. ती माझा हात धरून म्हणाली, "आले त बरं वाटलं जी."

वहिनीला मी तो निरोप दिला नाही. दिला असता तर बाकीचं सांगावं लागलं असतं. पुढच्या पावसाळ्यात मोठमाय गेल्याची बातमी आली. गावातून मी एकटाच गेलो, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मागच्या महिन्यात मी वहिनीला सगळं सांगितलं, बसून, सुरुवातीपासून. ती आता थकली आहे, मंडळाचं स्वयंपाकघर तिच्या सुना पाहतात.  सगळं ऐकून ती म्हणाली, "निरोप त द्यायचा होता गुरुजी. मी गेली असती न तिच्याकडे." यानंतर मला तिथे बसवलं नाही, मी उठलो.

आता राहिलं ते साकोलीच्या बसमध्ये ठरवलेलं बोलणं. ते चार वाक्यांचं होतं. मोठमाय, बाया का येत नाहीत ते मला माहीत होतं. तुमच्याकडून काही चुकलं नव्हतं. मी तुमच्याबद्दल खोटं बोललो आणि तुम्हांला एकटं पाडलं. मला माफ करा.