नुसतं थांबणं

धंतोलीतल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दर रविवारी फेफरे येणाऱ्यांचे कुटुंबीय जमत. मी शाळेत मास्तर; धाकट्या भावामुळे मीही जाई. तिथे उमरेडचे एक विणकर मुलीला घेऊन येत. येरझाऱ्या घालत ते नवख्यांना डॉक्टरांच्या आधीच बजावत, "जोडा हुंगवू नका जी. कुशीवर वळवा अन् नुसतं थांबा."

"बाबा, पहिले तुमी त बसा!" मुलगी हसे.

एका रविवारी तीच कोसळली. त्यांनी तत्क्षणी पायरीवरचा जोडा उचलला, तिच्या नाकापर्यंत नेला आणि अंगणात भिरकावून दिला. तिला कुशीवर वळवले. झटके थांबेनात.

"मास्तर, आता या हातायनं काय करू? सांगा नं जी!"

मी ते हात धरले. मुलगी शांत होईपर्यंत ते सुटण्यासाठी धडपडत होते.